तीन पावसाळे कुणाच्या तरी मागे उभं राहावं लागतं

नागपूर आणि परिसरातल्या गोल्फ मैदानांच्या कार्यकारी समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘भाऊ, मी उद्यापासून येत नाही.’ बावीस-तेवीस वर्षांचा. सहा वर्षं त्यानं आपल्यासारख्या सदस्यांच्या बॅगा उचलल्या आणि गेली दोन वर्षं माझ्या तासांना मागे उभा राहिला. आता घरोघरी पार्सल पोचवायचं काम धरलंय. गाडी त्याचीच, पेट्रोल त्याचंच, हप्ताही त्यालाच भरायचा. पण महिन्याला हातात किती येणार, याचा अंदाज तरी असतो. मी त्याला थांब म्हणालो नाही. थांबलास तर काय मिळेल, असं त्यानं विचारलं असतं तर द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तो काय घेऊन गेला ते आपल्याला कळावं म्हणून आधीच्या रविवारची गोष्ट सांगतो. रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या जागेवर, नऊ-दहा वर्षांची एक मुलगी सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घेऊन उभी होती. प्रत्येक फटका बॉलच्या डोक्यावर बसायचा आणि बॉल गवतातून सरपटत जायचा. वडील मागून सांगत होते, ‘डोकं खाली ठेव, डोकं खाली ठेव.’ जगातल्या प्रत्येक रेंजवर हा सल्ला ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. मुलगी आणखी आखडत गेली. हा मुलगा गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला, बॉलच्या पुढे चार बोटांवर एक टी, म्हणजे बॉल ठेवायची छोटी खुंटी, जमिनीत जवळजवळ पूर्ण खोचली आणि म्हणाला, ‘बॉल राहू दे. तू ही टी उडव.’ तिसऱ्या फटक्याला टी उडाली आणि बॉलही उडाला. त्यानं डोक्याचं नाव काढलं नाही, हातांचं काढलं नाही, खांद्यांचंही नाही. क्लब सर्वांत खाली कुठे पोचतो ती जागा तिनं न कळत चार बोटं पुढे नेली होती. दोष तिथेच होता.

१९९९ साली संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फच्या छोट्या पिच फटक्यावर एक प्रयोग केला होता. नवशिक्यांच्या एका गटाला आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्या गटाला क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणारे जास्त अचूक निघाले. आमच्या मुलानं यातलं काही वाचलेलं नाही. दोन वर्षं मागे उभं राहून शेकडो फटके पाहताना त्याला ते दिसलं होतं. असा डोळा तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो तयार झाला त्याच आठवड्यात आपण त्याला गमावलं.

मी तीस वर्षांहून जास्त काळ या शहरात गोल्फ शिकवतो आहे. मीही कॅडीच होतो, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारा. शाळा सुटली की सायकल मैदानाकडे. मध्य भारतात हा खेळ फौजेच्या मागे आला. कामठीची छावणी तर १८२१ पासूनची. माझे मास्तरही फौजी अधिकाऱ्यांच्या बॅगा उचलत उचलत शिकलेले. त्यांच्या काळी उन्हाळ्यात हिरवळ राखायला पाणी कुठून आणणार? म्हणून भोकाभोवती हिरव्या ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ असायची. वाळूत वापरलेलं इंजिन ऑइल कालवून थापलेलं, काळपट, सपाट वर्तुळ. पट मारला, म्हणजे भोकाकडे बॉल हलकेच ढकलला, की त्यावर बॉलची रेघ उमटते. मास्तर त्या रेघेजवळ वाकून आम्हाला दाखवायचे: बॉल निघाला तेव्हाच कुठल्या बाजूला निघाला, कुठे आधी उसळला आणि मग लोळायला लागला. मग फळीनं वाळू सारखी करायची आणि पुन्हा मारायचं. आज लाखोंच्या कॅमेऱ्यांत जे बघायला मिळतं, त्यातलं बरंचसं त्या तेलकट वाळूत फुकट दिसायचं. ते बघायला शिकवणारा माणूस मात्र शेजारी हवा होता.

मला शिकवायला शिकायचंय असं मी त्यांना म्हणालो तेव्हा त्यांनी एकच अट घातली: ‘तीन पावसाळे.’

पहिल्या पावसाळ्यात बोलायचं नाही. ते शिकवत असताना मी पाठ फिरवून उभं राहायचं आणि फक्त आवाज ऐकायचा. बॉल क्लबच्या टोकाला लागला, टाचेला लागला, की मधोमध? आधी माती लागली, की नुसता बॉल खरवडला गेला? मी सांगायचं, मग वळून बघायचं. पहिले दोन महिने माझं निम्म्याहून जास्त चुकलं. दिवाळीपर्यंत क्वचित चुकायला लागलं. हा खेळ करमणुकीचा नव्हता. शिकवणाऱ्याला एका वेळी विद्यार्थ्याचं शरीर आणि बॉलची वाट असं दोन्ही बघता येत नाही. आवाजावरून फटका ओळखता आला की डोळे शरीरासाठी मोकळे होतात.

दुसऱ्या पावसाळ्यात फक्त पकड. कुणाचीही पकड बघायची, आपल्या हातानं लावून द्यायची, बाकी काही नाही. उजव्या माणसाच्या डाव्या हाताच्या किती गाठी वरून दिसतात, अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच कुठल्या खांद्याकडे जाते, क्लब तळव्यात गेलाय की बोटांत आहे. किती घट्ट धरायचं, हा प्रश्न हमखास यायचा. त्यावर मास्तर शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, सांगायचे. पटावरचा गडी कासरा कसा धरतो? हातातून सुटता कामा नये, पण बैलाच्या मानेला ओढही बसता कामा नये. आपल्या भागातल्या माणसाला ते एका क्षणात समजायचं. मोठ्या शहरातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला नाही समजायचं, तेव्हा त्याच्यासाठी दुसरं उदाहरण शोधायचं. हेही शिकण्यातच आलं.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी मला नवशिक्यांचा तास घेऊ दिला, आणि ते स्वतः मागे खुर्ची टाकून बसायचे. तास संपला की एकच प्रश्न: ‘किती गोष्टी सांगितल्या त्याला?’ एक म्हटलं की मान हलवायचे. दोन म्हटलं की त्या संध्याकाळी रेंजवरचे सगळे बॉल मी एकट्यानं वेचायचे. त्या वर्षी मी पुष्कळ बॉल वेचले. नव्या शिक्षकाला वाटतं, समोरच्यानं पैसे दिलेत तर भरभरून द्यावं. विद्यार्थी चार सूचना डोक्यात घेऊन घरी जातो, आणि पुढच्या आठवड्यात आधी जे येत होतं तेही विसरून परत येतो.

सदस्यहो, आज आपल्या शहरात ही तीन पावसाळ्यांची व्यवस्था कुठेही नाही. माझे मास्तर गेले तेव्हा त्यांचं जे काही होतं त्यातलं थोडंसं माझ्याजवळ राहिलं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. खांदा आखडलेल्या एका बाईंना त्यांनी अर्ध्या स्विंगवर, म्हणजे क्लब अर्धाच फिरवून, वर्षभर आनंदानं खेळवलं होतं. ते कसं साधलं, मी कधी विचारलं नाही. नंतर तसाच खांदा घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि मी चाचपडत राहिलो. मी गेल्यावर माझ्याही बाबतीत असंच होणार.

मला सांगितलं जातं की आता प्रमाणपत्रं आहेत, व्हिडिओ आहेत, रडार आहे. मी या तिन्हींच्या विरोधात नाही. मी स्वतः कुठे चुकलो ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल.

मी जवळजवळ पंधरा वर्षं बॉलच्या वाटेबद्दल चुकीचं शिकवलं. आम्हाला शिकवलं होतं की बॉल निघतो तो क्लब ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं, आणि नंतर वळतो तो क्लबच्या तोंडाच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, दिशेनं. जगभरच्या बहुतेक शिक्षकांना असंच शिकवलेलं होतं. मग बॉल आणि क्लब या दोघांचा माग ठेवणारे रडार आले आणि उलटं दिसलं. बॉल क्लबला चिकटून असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. त्यात त्याची सुरुवातीची दिशा मुख्यतः क्लबचं तोंड ठरवतं. कुठला क्लब आहे त्यानुसार साधारण ७५ ते ८५ टक्के. तोंडाची दिशा आणि क्लबची फिरायची वाट यांच्यात जो फरक राहतो, त्यावर तो किती वळेल हे ठरतं. म्हणजे ज्यांचा बॉल उजवीकडे वळून झाडीत जात होता, त्यांच्या क्लबची मी वाट बदलत बसलो, आणि क्लबचं तोंड उघडंच, म्हणजे उजवीकडे वळलेलंच, राहिलं. काहींनी खेळ सोडला. त्यातल्या दोघांचे चेहरे मला आजही आठवतात.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका पोरानं. माझ्याकडे शिकायला यायचा. मोबाइलवर संथ चित्रण करून त्यानं मला दाखवलं: बॉल निघतो तिकडे क्लबचं तोंड बघतंय, क्लब दुसरीकडेच चाललाय. मला पटायला दोन आठवडे लागले. राग आला होता, तोही सांगायला हवा. पण तो मागे उभा राहत होता म्हणूनच माझी चूक मला सांगू शकला. रडार घेतलं आणि त्याच्या शेजारी विचार करणारं माणूस नसलं, तर पडद्यावर आकडे दिसतात आणि सदस्य त्या आकड्यांच्या मागे धावतात. त्या बारा आकड्यांपैकी आज कुठला एक सांगायचा, हे यंत्राला कळत नाही. म्हातारा शिक्षक आणि तरुण शिकाऊ एकमेकांजवळ दोन-तीन वर्षं राहिले, तर दोघंही सुधारतात. माझ्या मास्तरांच्या वेळी हे एकाच बाजूनं होत होतं. आता दोन्ही बाजूंनी होऊ शकतं.

प्रमाणपत्राचंही तसंच. आपल्याकडे नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना दर्जानुसार प्रमाणपत्र देते आणि ते प्रत्येकानं घ्यावं असं माझं मत आहे. नियम, सुरक्षितता, शरीरशास्त्र, मुलांना शिकवण्याच्या पद्धती यांचा पाया तिथे पक्का होतो. २०१९ साली नियम बदलले: बॉल खांद्याच्या उंचीवरून न सोडता गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा, आणि हरवलेला शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं. अजूनही आपल्याच मैदानांवर लोक पाच मिनिटं शोधतात, कारण त्यांना सांगणाऱ्यालाच माहीत नसतं. तेव्हा अभ्यासक्रम हवाच. पण अभ्यासक्रम काही दिवसांचा असतो आणि तो दुसऱ्या गावच्या हिरव्या मैदानावर होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की आपली काळी माती कशी भेगाळते, त्या दगडासारख्या जमिनीवर वेजचा, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबचा, तळ कसा उसळून बॉलच्या पोटात बसतो, आणि जुलैत तीच माती कशी क्लब गिळून टाकते, हे तिथे कोण सांगणार? उन्हाळ्यात इथे गवताचा तुकडा उडतच नाही. उडालेला तुकडा बघून फटका ओळखायला जो दुसरीकडे शिकून आला, तो इथे चार महिने अडखळतो. इथे शिकलेला त्या चार महिन्यांत बॉलच्या पुढची धूळ बघतो.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात हार्वी पेनिक नावाचे शिक्षक होऊन गेले. लहानपणी तिथल्या गोल्फ क्लबवर कॅडी होते, १९२३ साली त्याच क्लबचे मुख्य शिक्षक झाले, आणि पुढची कित्येक दशकं तिथेच शिकवलं. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघेही लहानपणापासून त्यांचेच विद्यार्थी. पेनिक एकाला शिकवत असताना दुसऱ्याला बघू देत नसत. एकासाठी दिलेलं औषध दुसऱ्यानं घेऊ नये, ही भीती. दोघांचे स्वभाव वेगळे, खेळ वेगळे, शिकवणंही वेगळं. १९९२ मध्ये काइट अमेरिकन ओपन जिंकले. १९९५ च्या एप्रिलमध्ये पेनिक गेले, क्रेनशॉ त्यांना खांदा द्यायला ऑस्टिनला आले, आणि त्याच आठवड्यात परत जाऊन मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकले. विद्यार्थ्यांनी एकमेकांचा तास बघू नये, हे मला पटतं. पण शिक्षक होऊ पाहणाऱ्यानं मात्र प्रत्येकाचा तास बघायला हवा. एकाच दोषावर तीन माणसांना तीन वेगळे उपाय दिलेले त्यानं डोळ्यांनी पाहिले, तरच चौथ्या माणसासमोर तो घाबरणार नाही. व्हिडिओत एकच माणूस असतो आणि एकच उपाय असतो.

विदर्भाला हे काही नवं नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ मध्ये त्यांचा चमू बर्लिनला जाऊन मल्लखांब दाखवून आला. पण त्या संस्थेचं खरं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. तिनं शिक्षक घडवले. या भागातल्या किती शाळांमधले व्यायामशिक्षक तिथून शिकून आले असतील! खेळाडू एका पिढीपुरता असतो. शिक्षक घडवणारी जागा चार पिढ्या पुरते, हे अमरावतीनं आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवलंय. आणि शिक्षक नसला की काय होतं तेही आपण पाहिलंय. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीचा विश्वविजेता झाला, अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन. त्यासाठी तो कुठे राहून शिकत होता? साताऱ्याला, प्रवीण सावंत यांच्याकडे. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण नागपूरहून साताऱ्याला जाऊन राहणं किती घरांना परवडतं, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

गोल्फमध्ये असं पोर तर नजरेलाही पडणार नाही. बंगळुरूजवळच्या एका गावातला चिक्करंगप्पा मैदानावर बॉल वेचायचा, बॅगा उचलायचा. विजय दिवेचा या शिक्षकांच्या नजरेला तो पडला म्हणून पुढे आशियाई टूरवर, म्हणजे आशियातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, खेळला. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. व्यावसायिक भारतीय खेळाडूनं ती स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २०१६ मध्ये महूच्या मुकेश कुमारनं वयाच्या एकावन्नाव्या वर्षी आशियाई टूरवरची पहिली स्पर्धा जिंकली. महू आपल्या कामठीसारखीच छावणी. म्हणजे मध्य भारतातल्या मातीत हे होऊ शकतं. आपल्या मैदानांवर बॅगा उचलणाऱ्यांत असं कुणी नाही, हे छातीठोकपणे कोण सांगेल? बघायला कुणी उभंच नाही.

आता मागणं.

प्रत्येक मैदानानं दोन शिकाऊ शिक्षक ठेवावेत. तीन वर्षांसाठी, मानधनावर. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत पोरं फिटर-टर्नरचं काम शिकतात तेव्हा त्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन मिळतं. त्यासाठी १९६१ पासून कायदा आहे. गोल्फ शिकवणं हाही हातांनी आणि डोळ्यांनी शिकायचा धंदा आहे, त्याला वेगळा न्याय का? मी हिशेब केला. महिना बारा हजार धरले तर दोघांचे वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होतात. एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभात मंडप, जेवण आणि फुलं यांवर काय खर्च होतो, ते आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मी समारंभ बंद करा म्हणत नाही. त्याच वहीत ही एक ओळ जोडा, एवढंच.

पण नुसते पैसे दिले आणि पोराला कार्यालयात कागद पोचवायला लावलं, तर काहीच साधणार नाही. मी हे होताना पाहिलंय. एका मैदानावर सहाय्यक म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर बॉल धुवायला आणि पाहुण्यांना चहा द्यायला लावलं. वर्षाअखेर समितीनं नोंद केली की सहाय्यकाची उपयुक्तता दिसून आली नाही. दिसणार कशी? तेव्हा लिहून ठरवा: आठवड्यातले किती तास तो ज्येष्ठ शिक्षकाच्या मागे उभा राहील, आणि त्या वेळात त्याला कुणी हाक मारायची नाही. त्यानं वही ठेवावी. आज कोण आलं, काय दोष होता, काय एक गोष्ट सांगितली, पुढच्या वेळी काय झालं. मास्तरांच्या बाबतीत माझी मोठी चूक हीच, की मी काही लिहून ठेवलं नाही. पेनिक वर्षानुवर्षं आपल्या वहीत टिपणं करत राहिले, ती वही त्यांनी मुलाला वाचू दिली, आणि तो मुलगाच त्यांच्या जागी शिक्षक झाला. आपल्याकडे मुलगाच असायला हवा असं काही नाही. शिकाऊ असला तरी पुरे.

कॅडींना रेंज मोकळी करा. माझ्या वेळी आम्हाला सोमवारी सकाळी तेवढं खेळू द्यायचे, तेही कुणाची मर्जी असेल तर. पहाटेचा एक तास, वापरून झालेले जुने बॉल, दोन मॅट. जो स्वतः मारत नाही त्याला दुसऱ्याच्या शरीरात काय चाललंय ते समजत नाही. आणि प्रमाणपत्राची फी, जायचा-यायचा खर्च मैदानानं उचलावा. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्याला ‘आधी प्रमाणपत्र आण, मग बघू’ म्हणणं म्हणजे दार बंद करणं.

दोनपैकी एक जागा मुलीसाठी ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फला चौथी आली. त्या दिवशी पहाटे उठून नागपुरातल्या किती घरांत टीव्ही लागले होते! गोल्फ म्हणजे काय हे ठाऊक नसलेली माणसं पट बसावा म्हणून हात जोडून बसली होती. त्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन मुली आल्या. तिघींच्या आया तासभर बाकावर बसून असायच्या, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण कंबर कशी वळवायची, खांद्याची रेषा कुठे हवी, हे शिकवताना पुरुष शिक्षकाला हात न लावता सांगावं लागतं, आणि ते योग्यच आहे. बाई शिक्षक असती तर त्या मुली जास्त मोकळेपणानं शिकल्या असत्या. तिघींपैकी एक टिकली. ती आज एकोणीस वर्षांची आहे आणि लहान मुलांना फार छान समजावते. तिला कुणी विचारलेलं नाही.

समितीच्या बैठकीत दोन हरकती येतील, त्या मला आधीच ऐकू येतात. पहिली: शिकवून तयार केला की तो पुण्याला, गुरुग्रामला, नाहीतर दुबईला जाईल. जाईल. काही जातीलच. अमरावतीहून शिकलेले व्यायामशिक्षक गावोगाव गेले, म्हणून अमरावतीचं काही कमी झालं का? तीन वर्षं शिकणं आणि पुढची दोन वर्षं इथेच शिकवणं, असा लेखी करार करा, हवं तर. पाच वर्षांत त्याच्या मागे दुसरे दोन उभे राहिलेले असतील.

दुसरी हरकत कुणी मोठ्यानं बोलत नाही. काल ज्यानं माझी बॅग उचलली, त्याच्याकडून आज मी शिकायचं? याचं उत्तर द्यायचं तर आपल्याच खेळाकडे बघावं लागतं. अठरा भोकं चालून होईपर्यंत आपला प्रत्येक फटका, प्रत्येक राग, प्रत्येक चूक ज्यानं गुपचूप पाहिली, तो आपल्याला ओळखत नसेल तर कोण ओळखतं? कुठला क्लब काढायचा हे आपण त्यालाच विचारता. पट डावीकडे वळेल की उजवीकडे, हेही त्यालाच. त्याच्या शब्दावर आपण मैदानात विश्वास ठेवता. रेंजवर ठेवायला अडचण नसावी. आणि अध्यक्ष महोदयांनी स्वतः पहिला तास शिकाऊ शिक्षकाकडून घेतला, तर बाकीचे सदस्य महिन्याभरात येतील. हे मी अनुभवावरून सांगतो. मला पहिला विद्यार्थी मिळाला तो असाच, एका निवृत्त कर्नलसाहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडून पकड बदलून घेतली तेव्हा.

माझ्याकडून मी हे देऊ शकतो: मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते आठ, उन्हाळ्यात साडेपाचपासून. कुठल्याही मैदानाचे दोन शिकाऊ मी माझ्या मागे उभे करून घेईन, तीन पावसाळे, त्यांच्याकडून किंवा मैदानाकडून एक पैसा न घेता. वह्या मी तपासेन. शहरात माझ्याइतकीच वर्षं शिकवणारे आणखी दोघे आहेत. त्यांच्याशी बोललो आहे, तेही तयार आहेत. आमच्यापैकी कुणीच आता तरुण नाही. म्हणून हे येत्या पावसाळ्यापासून व्हावं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नये.

आणि पहिली नेमणूक करायची ठरली, तर त्या मुलाला आधी विचारावं. पार्सलचं काम दहाला सुरू होतं. पहाटे तो अजून मोकळा असतो. त्याचा नंबर माझ्याजवळ आहे.

आपला,
नागपुरातला एक गोल्फ शिक्षक